केबल-इंटरनेटची जोडणी आणि दुरुस्ती: ठेकेदार की पगारी माणूस? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराड-पाटण पट्ट्यात आम्ही आधी केबल आणि आता फायबर इंटरनेटचा धंदा करतो. दुसरा ऑपरेटर भेटला की पाच मिनिटांत गाडी माणसांवर येते: पोरं पगारावर ठेवायची की कामं ठेक्यावर द्यायची? ग्राहकही विचारतात, "काल आलेला मुलगा तुमचाच ना?" दोन्हीकडचे प्रश्न इथं एकत्र घेतले आहेत. उत्तरं आमच्या अनुभवातली आहेत. मुंबईच्या टॉवरमध्ये हिशेब वेगळा बसेल.

मुळात 'कंपनीचा माणूस' म्हणजे कोणाचा माणूस?

टीव्हीवर चॅनेल दिसतं ते तीन-चार हातांतून आलेलं असतं. चॅनेलवाल्याकडून एमएसओकडे (सगळी चॅनेलं एकत्र करून पुढं पाठवणारी मोठी केबल कंपनी), एमएसओकडून लोकल ऑपरेटरकडे आणि तिथून खांबाखांबानं तुमच्या घरी. एमएसओच्या बाजूनं पाहिलं तर लोकल ऑपरेटर हाच त्याचा ठेकेदार. ग्राहकाच्या बाजूनं पाहिलं तर तोच 'कंपनी'. १९९५ च्या केबल कायद्याखाली आमची नोंदणी कितीतरी वर्षं पोस्टात व्हायची. त्या काळात ऑपरेटर, वायरमन, वसुलीवाला आणि शिव्या खाणारा हा एकच माणूस असायचा. ठेकेदाराचा प्रश्नच नव्हता.

तो आला डिजिटायझेशनबरोबर. मुंबईत २०१२ च्या ऑक्टोबरअखेर, पुणे-नागपूर-नाशिकला २०१३ च्या मार्चअखेर आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांत २०१७ पर्यंत जुनं ॲनालॉग बंद व्हायचं होतं. घराघरात बॉक्स बसवायचा, तोही तारखेच्या आत. घरच्या दोन पोरांकडून ते होणारं नव्हतं. नगावर काम करणारी बाहेरची टीम आमच्याकडे पहिल्यांदा तेव्हा आली आणि ते काम त्यांनी झकास केलं. पुढची गफलत आमची. बॉक्स बसवता येतात म्हणजे बिघाडही काढता येतील, असं आम्ही गृहीत धरलं.

सरळ सांगा, कोणतं काम उक्तं द्यावं आणि कोणतं देऊ नये?

ज्या कामाला टेप लावता येते ते उक्तं द्यावं. चर किती मीटर खणली, केबल किती ओढली, खांब किती उभे केले, नव्या बिल्डिंगमध्ये किती फ्लॅटपर्यंत वायर नेली. संध्याकाळी जाऊन मोजायचं, पैसे द्यायचे, विषय संपला. अशा कामाला वर्षभर माणसं पोसणं परवडत नाही, कारण ते काम वर्षभर नसतं.

दुरुस्तीला टेप लागत नाही. लाल दिवा बंद होऊन हिरवा लागला म्हणजे दुरुस्ती झाली असं ठेकेदार म्हणणार, आणि त्याचं चूकही नाही. पण तो दिवा परवा पुन्हा लाल होणार आहे का, हे त्या क्षणी कोणालाच दिसत नाही. ते ज्याला पुन्हा यावं लागणार आहे त्यालाच सतावतं. म्हणून दुरुस्ती आम्ही पगारी माणसाकडे ठेवतो.

नवी जोडणी या दोन्हींच्या मधे पडते. आमच्याकडे खांबापासून दारापर्यंतची ड्रॉप वायर ठेकेदार ओढतो. शेवटचा जॉइंट, घरातला बॉक्स आणि पॉवरचं रीडिंग (फायबरमधून प्रकाश किती येतो त्याचा आकडा; तो उणेत असतो, जितका खाली तितका प्रकाश कमी) आमचा माणूस करतो. याला एक फेरी जास्त लागते, पण ज्याला पुढं त्या घरी जायचं आहे त्यानं ती वायर कुठून आली हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

बिघाड काढायला असं काय लागतं, जे बाहेरच्या हुशार पोराला येत नाही?

येतं की. हाताचं कसब ठेकेदाराच्या पोरात बऱ्याचदा जास्तच असतं. दिवसाला चाळीस जॉइंट मारणाऱ्याचा हात बसलेला असतो. कमी पडते ती ओळख. त्या लाइनची आणि त्या घराची.

आम्ही एक वर्ष दुरुस्तीसुद्धा ठेक्यावर दिली होती. मलकापूरला एका निवृत्त शिक्षिकांचं नेट जायचं. सहा आठवड्यांत चार तक्रारी, चार वेळा माणूस गेला, चारही वेळा वहीत 'तक्रार बंद'. एकानं पॅच कॉर्ड (बॉक्सला लावायची छोटी वायर) बदलली, एकानं ओएनयू (घरातला फायबरचा बॉक्स) बदलला, एकानं बाहेरचा जॉइंट पुन्हा मारला, चौथा नुसता रीस्टार्ट करून आला. प्रत्येक फेरीचे पैसे आम्ही दिले. चौथ्याला बाईंनी चहा दिला आणि विचारलं, "बाळ, तू पण पहिल्यांदाच आलायस का?"

पाचव्यांदा आमचा जुना माणूस गेला. त्यानं मशीन काढलंच नाही. आधी वही उघडून तक्रारींच्या वेळा पाहिल्या. चारही तक्रारी सकाळी उठल्या उठल्या नोंदवलेल्या आणि चारहींत एकच वाक्य: रात्री गेलं. दिवसा पोरं जायची तेव्हा नेट व्यवस्थित चालू असायचं. त्यानं बाईंना विचारलं, "रात्री झोपताना तुम्ही काय काय बंद करता?" बाई म्हणाल्या, गॅस, दिवे, खिडकी. स्लायडिंगच्या खिडकीच्या खाचेतून ड्रॉप वायर आत घेतलेली होती. काच सरकवली की वायर दबून काटकोनात वळायची, आतला प्रकाश त्या वळणावर बाहेर सांडायचा आणि पॉवर उणे वीसवरून उणे एकोणतीसवर जायची. उणे सत्तावीसच्या खाली बहुतेक ओएनयू हात टेकतात. सकाळी काच उघडली की पुन्हा सगळं ठीक.

चौकटीला भोक पाडून वायर आत घेतली, वीस मिनिटांचं काम. त्या चार पोरांपैकी एकही नालायक नव्हता. मात्र आधीच्या तिघांनी काय पाहिलं ते चौथ्याला माहीत नव्हतं, आणि ते विचारून घेण्यात त्याचा काही फायदाही नव्हता.

मग ठेकेदाराची पोरं काम वाईट करतात असंच म्हणायचंय ना?

नाही. ज्याचे पैसे मिळतात ते काम ती करतात. आपण नगाचे पैसे देतो, ती नग पूर्ण करतात. पावसात खांबावर बसून कनेक्टर पुसायला तीन मिनिटं लागतात. त्या तीन मिनिटांचे पैसे कोणी देत नाही. दिवसाला आठ जोडण्या केल्या तर घर चालतं आणि पाच केल्या तर चालत नाही, अशा हिशेबात कोण पुसेल?

एक नमुना सांगतो. फायबरच्या कनेक्टरमध्ये हिरवा आणि निळा असे दोन प्रकार असतात. हिरव्याचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं, निळ्याचं सरळ. आकार एकच असल्यामुळं हिरवा निळ्यात बसतो, पण टोकाला टोक नीट चिकटत नाही आणि पॉवरचे काही डेसिबल तिथंच वाया जातात. पिशवीतल्या निळ्या पॅच कॉर्ड संपल्या म्हणून पोरानं हिरवी घुसवली, दिवा लागला, फोटो काढला, पुढच्या घरी गेला. मार्चमध्ये ते चालतं. जुलैत कुठल्यातरी जॉइंटमध्ये ओल शिरते, आणखी दोन डेसिबल जातात आणि नेट बसतं. मग ग्राहक म्हणतो, पावसामुळं गेलं. गेलं मार्चमध्येच होतं.

नगाच्या हिशेबाचं दुखणं आपल्यापुरतंच नाही. अमेरिकेत केबल कंपन्यांची जोडणीची कामं घेणारी एफटीएस नावाची एक ठेकेदार कंपनी होती. तिच्या सुमारे तीनशे टेक्निशियनांनी ओव्हरटाइम बुडवल्याचा खटला भरला: पैसे नगावर आणि तास कमी लिहायला लावायचे, अशी तक्रार. ज्यूरीनं टेक्निशियनांच्या बाजूनं कौल दिला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन परत आलं आणि २०१७ साली अपील कोर्टानंही दोष कंपनीचाच ठरवला. तिकडं काय नि इकडं काय, नगावर काम दिलं की तास कोणी मोजत नाही.

पगारी माणूस महाग पडत नाही का?

कागदावर पडतो. समजा १८,००० पगार दिला. पीएफ लागू असेल तर १५,००० वर १२ टक्के म्हणजे १,८००. ईएसआयचा (कामगार विम्याचा) मालकाचा वाटा ३.२५ टक्के, ५८५. दिवाळीला एक पगार देत असाल तर तो महिन्याला १,५०० पडला. पेट्रोल ३,०००, वर मोबाइल रिचार्ज. झाले २५,००० च्या घरात. शिडी, पॉवर मीटर, बूट, रेनकोट वेगळे.

तोच माणूस ठेकेदाराकडून ३०० रुपये नगानं घेतला तर २५,००० रुपयांत ८३ कामं होतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला तीनपेक्षा थोडी जास्त. म्हणजे रोज तीन-साडेतीनपेक्षा जास्त तक्रारी येत असतील तर पगारी माणूस स्वस्त, कमी येत असतील तर ठेकेदार. इथपर्यंतचं गणित सगळेच ऑपरेटर करतात.

यात राहतं ते मलकापूरच्या बाईंचं घर. तिथं एका बिघाडाचे आम्ही चार वेळा पैसे दिले, म्हणजे ३०० चं काम १,२०० ला पडलं, शिवाय सुटलं नाही ते नाहीच. आपल्या वहीत महिनाभराच्या तक्रारी काढा आणि त्यातली किती घरं दोनदा आली ते मोजा. ठेकेदाराचा खरा भाव त्या आकड्यात आहे. आम्ही मोजलं तेव्हा दुसऱ्याच दिवशी एक माणूस पगारावर घेतला.

उलटंही सांगायला हवं. पगारी माणूस ऑफिसात बसून चहा पीत असेल तरी मीटर चालूच असतं. शंभर-दीडशे कनेक्शनवाल्या ऑपरेटरनं दोन माणसं पगारावर ठेवली तर तो दिवाळखोरीत जाईल. त्यानं स्वतः शिडीवर चढावं किंवा शेजारच्या ऑपरेटरबरोबर मिळून एक माणूस ठेवावा. आमच्याकडं असं दोघं-तिघं करतात. भांडणंही होतात, पण चालतं.

ठेकेदाराचा मुलगा खांबावरून पडला तर जबाबदारी कोणाची?

या प्रश्नावर बहुतेकांचा समज साफ चुकीचा आहे. "मी काम उक्तं दिलंय, त्याचा माणूस त्याची जबाबदारी," असं म्हणून सुटता येत नाही. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या कलम १२ नं हे कधीच स्पष्ट केलं होतं: आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं आणि त्याचा माणूस जखमी झाला किंवा गेला, तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. मालकानं ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. वसूल होईल का, हा भाग वेगळा; मोटारसायकल आणि एक स्प्लायसिंग मशीन (फायबर जोडायचं यंत्र) एवढीच ज्याची मालमत्ता, त्याच्याकडून काय वसूल करणार? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, पण या बाबतीत मालकाच्या मानेवरचं जोखड उतरलेलं नाही.

रक्कम किती असते याचा अंदाज यावा म्हणून जुन्या कायद्याचं गणित मांडतो. २५ वर्षांचा मुलगा गेला, पगार १५,००० किंवा त्याहून जास्त. पगार १५,००० च धरायचा, त्याचा निम्मा ७,५००, गुणिले वयाचा आकडा २१६.९१. झाले १६ लाख २६ हजारांवर. लहान ऑपरेटरचा धंदाच यात उठतो.

म्हणून दोन गोष्टी. भरपाईचा विमा घेताना ठेकेदाराची माणसं त्यात लिहून घ्या. एजंट आपणहून विचारत नाही. दुसरं, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे २० रुपये प्रत्येक पोराच्या खात्यातून कापले जातात ना ते बघा. त्यात अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. तो भरपाईला पर्याय नाही, पण २० रुपयांसाठी घरच्यांचे दोन लाख जाऊ देणं हा गाढवपणा आहे.

विजेच्या खांबावर ॲल्युमिनियमची शिडी लावलेली मी आजही बघतो. एकदा पाटणच्या बाजूला भर पावसात आमच्याच ठेकेदाराच्या मुलानं ती लावली, वर चढला आणि शिडीचं टोक उघड्या तारेपासून वीतभर अंतरावर थांबलं. खालून एक आजी ओरडल्या म्हणून तो उतरला. त्या दिवसापासून ॲल्युमिनियमची शिडी दिसली तर काम बंद, त्या दिवसाचे पैसेही बंद. फायबरग्लासची शिडी आम्ही आमच्या पैशानं घेऊन ठेकेदाराला दिली आहे. ती त्यानं घ्यायला हवी होती, हे खरं. नाही घेत.

घरात येणाऱ्या माणसाची खात्री कशी करायची?

पगारी माणूस म्हणजे सुरक्षित आणि ठेकेदाराचा म्हणजे धोक्याचा, असं समीकरण मांडू नका. अमेरिकेत टेक्सासमध्ये २०१९ साली चार्टर या मोठ्या केबल कंपनीच्या टेक्निशियननं एका वृद्ध ग्राहक महिलेचा तिच्या घरात खून केला. तो ठेकेदाराचा नव्हता, कंपनीच्या पगारावर होता आणि कंपनीच्याच गाडीतून आला होता. २०२२ मध्ये ज्यूरीनं कंपनीला सात अब्ज डॉलरच्या वर दंड सुनावला. पुढं न्यायाधीशांनी तो एक अब्जाच्या आसपास आणला. माणूस कसा आहे हे बघून घेतलं का आणि कामावर नीट लक्ष ठेवलं का, यावरून तो खटला झाला.

आपल्याकडं पोलिस पडताळणी करून घेता येते. करा, दोघांचीही. ओळखपत्रावर ऑपरेटरचा फोन नंबर हवा, ठेकेदाराचा नको. माणूस निघाला की ग्राहकाला त्याचं नाव आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला आमच्या ऑफिसातल्या ताईंना अर्धं मिनिट लागतं. दुपारी घरात एकटी असणारी बाई त्या फोटोवर दार उघडायचं की नाही ते ठरवते, हे आम्हाला ग्राहकांनीच सांगितलं.

मी ग्राहक आहे. आलेला मुलगा कोणाचा आहे यानं मला काय फरक पडतो?

हक्काच्या दृष्टीनं काहीच नाही. तुम्ही पैसे ज्याला देता त्याच्याशी तुमचा व्यवहार. "तो ठेकेदाराचा होता, आमचा नाही," हे उत्तर ऐकून घेऊ नका. सिग्नलच नसल्याची केबलची तक्रार २४ तासांत सुटली पाहिजे, हे ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांत आहे. तिथं ठेकेदाराला वेगळी सवलत नाही. ऑपरेटर दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

पैशाचं म्हणाल तर २०१७ च्या नियमांत केबलच्या जोडणीला ३५० आणि ॲक्टिव्हेशनला १०० रुपयांची मर्यादा होती. २०२४ च्या जुलैत ट्रायनं ती मर्यादा काढली आणि दर ठरवायची मोकळीक दिली, मात्र दर जाहीर करायला सांगितलं. तेव्हा "साहेब, वायर लांब लागली, हजार द्या," असं दारात कोणी म्हणालं तर ऑफिसला फोन करून दर विचारा आणि पैसे पावतीवर किंवा ऑपरेटरच्या क्यूआरवरच द्या. पोराच्या स्वतःच्या नंबरवर नको.

आणखी एक. माणूस निघण्याआधी त्याला विचारा, "दादा, पॉवर किती येतीय?" उणे सोळा ते उणे बावीस-तेवीस म्हणाला तर छान. उणे सव्वीस म्हणाला तर तो लवकरच परत येणार आहे. ग्राहकाला हा प्रश्न माहीत आहे असं दिसलं की कनेक्टर आपोआप पुसला जातो.

बीएसएनएलची उदाहरणं सगळे देतात. तिथं नेमकं काय झालं?

२०२० च्या ३१ जानेवारीला एका दिवसात साधारण ७८,००० कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. मुंबई-दिल्लीच्या एमटीएनएलमधून १४,००० हून जास्त. त्यानंतर लाइनच्या देखभालीची बरीच कामं ठेक्यावर गेली आणि घरोघरच्या फायबरसाठी भागीदार नेमले गेले, महसुलात वाटा देऊन. त्या भागीदारांत लोकल केबल ऑपरेटर पुष्कळ आहेत. म्हणजे इथं आपणच ठेकेदार.

पगाराचा बोजा उतरवायला हे करणं भाग होतं, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही. मात्र कुठल्या पिलरमधली (रस्त्याकडेची टेलिफोनच्या तारांची पेटी) कुठली तारांची जोडी कुठल्या गल्लीत जाते, मधे कुठं १९९० च्या दशकातला जॉइंट पुरलेला आहे, हे जुन्या लाइनमनच्या डोक्यात होतं. नकाशे होते, पण जमिनीवर केलेले बदल नकाशात चढवायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. ते लाइनमन घरी गेले तेव्हा खरा नकाशा त्यांच्याबरोबर गेला. आमच्या भागातल्या एका निवृत्त लाइनमन काकांना अजून फोन जातात, "काका, ते मार्केट यार्डाजवळचं चेंबर कुठं ते?" काका गाडीवर बसून दाखवायला येतात. एक रुपया घेत नाहीत.

फायबरला हेच लागू आहे. बारा कोअरचे (केबलमधल्या काचेच्या तंतूंचे) रंग ठरलेले असतात: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. केबल तुटली की रंगाला रंग जोडायचा, एवढं कोणालाही येतं. पण तीन वर्षांपूर्वी एका रात्री घाईत कोणीतरी तपकिरीला पांढरा जोडलेला असतो आणि ते फक्त जोडणाऱ्याला ठाऊक असतं. तो ठेकेदाराचा असेल तर आज बहुतेक हैदराबादला आहे.

हंगामी कामांचं काय? तेव्हा माणसं कमी पडतातच.

पडतात, आणि तिथं ठेकेदाराशिवाय गत्यंतर नाही. आमच्याकडं दोन हंगाम. ऊसतोड सुरू झाली की दोन ट्रॉल्यांवर बेसुमार ऊस भरून ट्रॅक्टर निघतात आणि रस्ता ओलांडणारी प्रत्येक सैल तार घेऊन पुढं जातात. सकाळी सहाला फोन येतो, "तुमची वायर ट्रॉलीवर आहे, कारखान्याकडं निघालीय." दुसरा हंगाम गणपतीचा. विसर्जनाच्या मार्गावर मूर्तीच्या उंचीप्रमाणं तारा आधीच वर घ्याव्या लागतात. नाहीतर कार्यकर्ते बांबूनं उचलतात आणि रात्र चढली की सरळ कापतात.

या दिवसांत ठेकेदाराची चार पोरं आणि आमचा एक माणूस अशी टोळी करतो. ओढायचं, बांधायचं, उंचीवर न्यायचं त्यांनी; कोणता कोअर कशाला जोडायचा ते आमच्या माणसानं सांगायचं आणि त्याच रात्री वहीत लिहायचं. वही कागदाचीच आहे. ॲप घेतलं होतं, पण पावसात ओल्या बोटांनी ते चालत नाही.

ठेकेदाराशी काय लिहून घ्यावं?

आम्ही पानभर मराठीत लिहितो, वकिली मसुदा नाही. त्यातलं सर्वांत कामाचं कलम एकच: जोडणीपासून ३० दिवसांत त्याच कारणानं तक्रार आली तर फुकट यायचं आणि आधीच्या कामातले १०० रुपये कापले जातील. त्यासाठी प्रत्येक बिलातले दहा टक्के महिनाभर राखून ठेवतो आणि ३१ व्या दिवशी न मागता देतो. न मागता देणं महत्त्वाचं. राखीव रक्कम दाबून बसणाऱ्या ऑपरेटरकडं चांगला ठेकेदार टिकत नाही. मग उरतात ते कसे असतात ते सांगायला नको.

बाकी नेहमीचं. ड्रॉप वायरवर मीटरचे आकडे छापलेले असतात, सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन फोटो घ्यायचे म्हणजे ४० मीटर लावून ७० चं बिल होत नाही. पॉवर मीटरच्या पडद्याचा फोटो. जुने बॉक्स परत. राउटरचा ॲडमिन पासवर्ड ठेकेदाराला कधीच नाही. एकट्या माणसाच्या नावानं बिल असेल तर वर्षाला एक लाखाच्या वर गेल्यावर एक टक्का टीडीएस कापावा लागतो. हे त्याला आधी सांगा, नाहीतर पहिल्या कपातीला तो "माझे पैसे खाल्ले" म्हणून गावभर करतो.

पोरं काम शिकून ग्राहक पळवतात, त्याचं काय?

ठेकेदाराचीही पळवतात, पगारीही पळवतात. आपण तरी कुठून आलो? आमच्या तालुक्यातले निम्मे ऑपरेटर आधी दुसऱ्याच्या वायरी ओढत होते, मीसुद्धा.

नवीन माणूस कुठून आणायचा?

आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक झालेला मुलगा बरा पडतो. उंचीला न घाबरणारा आणि घरातल्या आजींशी नीट बोलणारा असला तर अर्धं काम झालं. स्प्लायसिंग आम्ही पंधरा दिवसांत शिकवतो. लाइनची ओळख व्हायला दोन पावसाळे जातात.

रात्री अकराला, मॅच चालू असताना केबल गेली तर कोण येतं?

ठेकेदाराचा फोन नऊनंतर लागत नाही, आणि लागू नये. त्याच्याशी तसं ठरलेलंच नाही. पगारी माणसाला रात्रपाळीचे वेगळे पैसे असतात, आठवड्याला पाळी बदलते. गेल्या वर्षी शेवटची तीन षटकं राहिली असताना मेन लाइन गेली. आमचा माणूस त्याच बिल्डिंगच्या खाली पानपट्टीवर मॅच बघत उभा होता. पडदा काळा झाला तसा लोकांनी त्याच्याकडंच पाहिलं. पान तोंडात होतं म्हणून बोलता येईना. हातानंच "थांबा" म्हणाला आणि गाडीला किक मारली.